इअरफोनला फोमचं रबर घ्यायचं का सिलिकॉनचं? आधी कानाचं माप, मग खर्च

अंबरनाथ ते दादर, रोजचा सव्वा तास, साधा लेडीज डबा. कोणी मटार सोलतंय, कोणी चौथ्या सीटवरून वाद घालतंय, क्लिपावाली गर्दीतून वाट काढत ओरडतेय, डोक्यावर पंख्याची घरघर आणि दारातून भसाभस येणारा वारा. अशात इअरफोनवर काही ऐकायचं म्हणजे व्हॉल्यूम वाढवणं आलंच. मी पण वर्षानुवर्षं तेच करायचे, घरी पाचव्या काडीवर ऐकणारी मी ट्रेनमध्ये तेरा-चौदापर्यंत जायचे आणि संध्याकाळी घरी आल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं. मग तीन इअरफोन बदलून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला की बदलायचं ते पुढचं रबर होतं, इअरफोन नव्हे.

आता कुठेही विचारा, "आवाज बंद करायचाय ना, मग फोम घे" असंच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. फोमकडे वळणाऱ्या बऱ्याच जणांचा खरा प्रॉब्लेम असतो चुकीच्या साइजचं सिलिकॉन, म्हणजे जो प्रॉब्लेम खोक्यातल्याच दुसऱ्या साइजने फुकटात सुटला असता त्यासाठी पाचशे-हजार रुपये जातात आणि वर दर दोन-तीन महिन्यांनी परत जातात. म्हणून इथे क्रम असा ठेवलाय की आधी फुकटचे उपाय आणि पाकीट उघडायचं ते एकदम शेवटी.

दोघं काम कसं करतात

सिलिकॉनचं रबर म्हणजे पातळ छत्री. कानाच्या नळीत गेली की तिची कड भिंतीला टेकते आणि तेवढ्याच एका कडीवर सगळं सील अवलंबून असतं. कानाची नळी काही पाइपासारखी गोल नसते, ती थोडी चपटी असते आणि आत जाऊन वळते, त्यामुळे छत्रीच्या कडेला कुठेतरी बारीक फट राहू शकते. आणि फट राहिली की सगळ्यात आधी जातो तो बेस, गाण्यातला बेस बाहेर आणि ट्रेनची घरघर आत.

फोमचं तसं नाही. तो दाबून बारीक करून घालायचा आणि तो आत गेल्यावर हळूहळू फुगत कानाचा जो काही वेडावाकडा आकार असेल तो घेतो. टेकतो पण लांबीभर, नुसता कडेला नाही. कारखान्यात वापरतात ते पिवळे इअरप्लग असतात ना, तीच कल्पना, अमेरिकेत रॉस गार्डनर नावाच्या माणसाने १९६७ च्या सुमारास या हळू फुगणाऱ्या फोमवर काम केलं आणि त्यातून ते प्लग आले. त्या क्लासिक पिवळ्या प्लगच्या पाकिटावर आवाज २९ डेसिबलने कमी होतो असं लिहिलेलं असतं, पण तो लॅबमधला आकडा, नीट खोल घातल्यावरचा. इअरफोनच्या फोमकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका कारण त्याच्या मधोमध आवाज यायला भोक असतं आणि मागे इअरफोनची बॉडी असते.

त्या बॉडीवरून एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. बऱ्याच इअरफोनला, खास करून डायनॅमिक ड्रायव्हरवाल्यांना म्हणजे ज्यांच्या आत पडदा हलून आवाज होतो त्यांना, बाहेरच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, ते हवा जायला मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथूनही थोडा आवाज आत येतो. म्हणजे तुम्ही कितीही भारी रबर लावलं तरी त्या भोकातून येणारं येणारच. टेप लावून बंद करू नका, आवाजाची वाट लागते, मी करून बघितलंय.

आधी हे करा, यात एक रुपया लागत नाही

खोक्यातली तिन्ही साइजची रबरं शोधा. हो, ती पुडी जी तुम्ही पहिल्या दिवशी ड्रॉवरमध्ये टाकली होती. कारखान्यातून मधली साइज लावून येते आणि निम्मी जनता तीच आयुष्यभर वापरते.

दोन्ही कान वेगवेगळे तपासा. दोन्ही कानांची नळी एकाच मापाची असेलच असं नाही, माझा उजवा मीडियम आहे आणि डावा लार्ज. हे कळायच्या आधी मी "डाव्या बाजूचा इअरफोन खराब आहे" म्हणून दुकानदाराशी भांडून आलेय, आणि तो बिचारा बरोबर होता.

तपासायचं कसं तर दोन्ही इअरफोन घाला, काही वाजवू नका, तोंड मिटून "म्म्म्म" करा. कान नीट बंद असेल तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. एका बाजूला घुमतोय आणि दुसऱ्या बाजूला नाही म्हणजे त्या बाजूला फट आहे. मग एखादं बेसवालं गाणं कमी आवाजात लावा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला आणि बोट काढल्यावर गेला, तर साइज लहान पडतेय. दाबून काहीच फरक पडला नाही तर सील बसलंय. शेवटी जबडा हलवा, जांभई द्या, चणे खाल्ल्यासारखं चावा, कारण जबडा हलला की नळीचा आकार बदलतो आणि लहान पडणारं रबर तिथेच उघडं पडतं.

मोठ्या साइजला लोक घाबरतात, दुखेल म्हणून. थोडा दाब जाणवणं ठीक आहे, पाच मिनिटांत विसरायला होतं. पण अर्ध्या तासाने एकाच जागी टोचायला लागलं किंवा इअरफोन हळूहळू स्वतःच बाहेर येत असेल तर ते मोठं आहे, उतरा खाली.

फोनमधली टेस्ट पण करून बघा. एअरपॉड्स प्रो, गॅलेक्सी बड्स २ प्रो अशांच्या सेटिंगमध्ये फिट तपासायची सोय असते, ती खरंच कामाची आहे. फक्त ती पास झाली म्हणजे बेस्ट फिट असं नसतं, पास व्हायला जेवढं लागतं तेवढं आहे एवढंच.

इथपर्यंत करून तुमचं काम झालं असेल तर पुढचं वाचू नका, खरंच. माझ्या बहिणीचं इथेच झालं, स्मॉल काढून मीडियम लावलं आणि संपला विषय.

घालायची पण एक पद्धत आहे

सिलिकॉन लोक सरळ ठोकतात, बाटलीला बूच मारल्यासारखं. तसं केलं की आत कर्र् असा आवाज येतो, हवा दाबली जाऊन इअरफोनच्या आतला पडदा वाकतो त्याचा तो आवाज. त्यापेक्षा विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढा, उजव्या कानाला डावा हात, आणि इअरफोन थोडा फिरवत फिरवत आत सरकवा, मग कान सोडा. कान ओढल्यावर नळी सरळ होते आणि सोडल्यावर रबराभोवती बसते. डब्यात हे करताना शेजारची बघते, बघू दे.

फोमला हीच पद्धत पण एक पायरी जास्त. बोटं कोरडी हवीत. फोम अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून गोल गोल वळा, उदबत्तीची काडी वळतात तसं, नुसता चिमटीत चेपटा करायचा नाही, चेपटा केला की सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतूनच आवाज येतो. बारीक झाला की लगेच, फुगायच्या आत, कान ओढून आत घाला आणि बोटाने तिथेच धरून ठेवा. वीस-तीस सेकंद. ही वीस-तीस सेकंदं कोणी देत नाही आणि मग म्हणतात फोममध्ये काही दम नाही. धरून ठेवलं नाही तर तो फुगताना स्वतःलाच बाहेर ढकलतो. नीट बसला की बाहेरचं जग हळूहळू मिटत गेल्यासारखं वाटतं, आधी बांगड्यांची किणकिण जाते, मग बोलणं पुसट होतं, पंखा सगळ्यात शेवटी. मला अजून पण ते ऐकायला आवडतं.

थंडीत किंवा एसी डब्यात फोम कडक होतो आणि फुगायला वेळ घेतो. दोन मिनिटं मुठीत धरा.

कुठल्या आवाजाला काय

सगळे गोंगाट सारखे नसतात. किणकिण, शिट्टी, भांड्यांचा आवाज, बायकांचं चढ्या आवाजातलं बोलणं हे वरच्या पट्टीतलं, ते नीट बसलेल्या सिलिकॉनने पण बऱ्यापैकी दबतं. ट्रेनची, बसच्या इंजिनाची, जनरेटरची घरघर ही खालच्या पट्टीतली, तिथे सिलिकॉनची पातळ छत्री कमी पडते आणि फोम पुढे जातो. ठाण्याच्या खाडीच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा मला हा फरक सगळ्यात जास्त कळतो, सिलिकॉनमध्ये त्या खडखडाटात पॉडकास्टमधली दोन वाक्यं कायम बुडायची, फोमवर ती ऐकू येतात.

तुमच्याकडे नॉइज कॅन्सलिंगवाले बड्स असतील तर हिशोब बदलतो. ती इलेक्ट्रॉनिक भानगड खालच्या पट्टीतली घरघरच मारते आणि वरचे आवाज रबरावर सोडून देते. म्हणजे फोमचा जो मोठा फायदा तो तिथे आधीच मिळतोय, मग चांगल्या साइजचं सिलिकॉन पुरतं. फट असेल तर मात्र कॅन्सलिंग पण अर्धवट चालतं. अ‍ॅपलने २०२५ च्या एअरपॉड्स प्रो ३ मध्ये तर सिलिकॉनच्याच टिप्समध्ये फोम घातलाय, दोन्हीच्या मधलं काहीतरी.

आणि एक गोष्ट मनातून काढून टाका की रबर बदलून संपूर्ण शांतता होईल. कान कितीही घट्ट बंद केला तरी थोडा आवाज कवटीच्या हाडातून आत पोचतोच. शेजारणीचा फोन स्पीकरवर असेल तर तिची सासू तुम्हाला ऐकू येणार, थोडी लांबून येईल इतकंच.

फोम कुणी घेऊ नये

मला फोम आवडतो पण ऑफिसमध्ये मी सिलिकॉनच वापरते. दर दहा मिनिटांनी कोणीतरी हाक मारतं, इअरफोन काढा, परत वळा, परत तीस सेकंद धरा, वैताग येतो. ज्यांना सतत काढघाल करायचीय त्यांनी फोमच्या नादी लागू नये. लांबचा प्रवास, एकदा घातलं की तास-दोन तास काढायचं नाही, एसटीने कोकणात जाताय, रात्री हॉस्टेलमध्ये रूममेट घोरतोय, तिथे फोम.

व्यायाम करणाऱ्यांनी पण लांब राहा, घाम शोषतो तो. ओल्या फोममुळे पावसाळ्यात कानात खाज, मग बुरशी हे आपल्याकडच्या दमट हवेत काही नवीन नाही. कान वाहत असेल, दुखत असेल, पडद्याला भोक असेल तर फोम पण नको आणि सिलिकॉन पण नको, आधी डॉक्टर. मळ जास्त होत असेल तर तो पण आधी डॉक्टरांकडून काढून घ्या, फोम घालून घालून मळ आत ढकलला जातो आणि मग कानाला दडे बसतात.

आवाजाच्या क्वालिटीचं म्हणाल तर फोम ट्रेबल म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज थोडा मऊ करतो. तुमचा इअरफोन "स स" टोचणारा असेल तर बरंच वाटेल, पण आधीच दबक्या आवाजाचा असेल तर कांबळं टाकल्यासारखं होईल. बारीक नळीच्या कानात तर फोमचं मधलं भोकच दबून अर्धं बंद होतं, मग झांजा आणि टाळ कुठे गेले कळत नाही. पेटी-तबला ऐकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

विकत घ्यायच्या आधी

एक जुगाड सांगते. मेडिकलमध्ये किंवा हार्डवेअरच्या दुकानात वीस-तीस रुपयांना साधे फोमचे इअरप्लग मिळतात. एक जोडी आणा, घरी टीव्ही बघताना अर्धा-पाऊण तास घालून बसा. कान गरम होतो का, खाज येते का, आतून दाबल्यासारखं होऊन जीव घुसमटतो का ते कळेल. माझ्या आईला दहा मिनिटांत नको झालं, तिचे पाचशे रुपये वाचले.

मग माप. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, मी पण. रबराला दोन मापं असतात, एक बाहेरचं जे कानात बसतं आणि एक आतलं जे इअरफोनच्या नळीवर म्हणजे नॉझलवर बसतं. स्मॉल-मीडियम-लार्ज हे फक्त बाहेरचं. आतलं माप मिलिमीटरमध्ये किंवा कंपनीच्या स्वतःच्या नंबरात असतं, फोमची रबरं बनवणाऱ्या कॉम्प्लाय कंपनीचे १००, २००, ४००, ५०० असे नंबर असतात आणि त्यांच्या साइटवर मॉडेलप्रमाणे यादी असते ती बघूनच घ्या. एटिमोटिक किंवा शुअर या कंपन्यांचे जे बारीक नळीवाले इअरफोन आहेत त्यांना १०० लागतं, जाड नळीच्यांना ते चढणारच नाही.

यादीत तुमचं मॉडेल नसेल तर कागदाची बारीक पट्टी नॉझलच्या कडेला जी उभारी असते तिच्याभोवती गुंडाळा, जिथे टोक टेकतं तिथे पेनाने खूण करा, पट्टी सरळ करून मोजा आणि ३.१४ ने भागा. माझी पट्टी १७ मिमी आली, म्हणजे नॉझल साधारण ५.४ मिमी. रबराचं आतलं भोक यापेक्षा थोडं लहान चालतं कारण ते ताणलं जातं, मोठं अजिबात नको.

का नको ते ऐका. दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन स्वस्तातली फोमची पुडी मागवली, सहा जोड्या, माप न बघता. सैल होती पण बसत होती म्हणून वापरली. एक दिवस दादरला उतरताना घाईत वायर ओढली, इअरफोन हातात आला आणि फोम कानातच. मी शहाणपणा करून पिनेने काढायला गेले, तो अजून आत. दिवसभर एका कानाने ऑफिस केलं, संध्याकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, त्यांनी बारीक चिमट्याने पाच सेकंदात काढला आणि विचारलं, "हे कितीला घेतलं होतं?" फी पुडीच्या चौपट होती. तेव्हा अडकला तर पिन, चिमटा, तेल काही नको, हात लावू नका आणि सरळ डॉक्टर गाठा. आणि काढताना फोम कधीच झटक्यात ओढायचा नाही, वायरने तर नाहीच, बॉडी धरून हळूच पिळत काढायचा म्हणजे आत दाब पण बसत नाही.

वायरलेस बड्सवाल्यांनी अजून एक तपासा, फोम लावल्यावर बड केसमध्ये पूर्ण बसतो का. साधा फोम उंच असतो, झाकण लागतं पण चार्जिंगच्या पिना टेकत नाहीत आणि सकाळी एक बड शून्यावर. अशांसाठी बुटके फोम वेगळे मिळतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, इथे सुटी सिलिकॉनची रबरं मिळून जातात आणि तिथे इअरफोन सोबत नेऊन लावून बघता येतं हा फायदा. फोम मात्र दुकानात पडून पडून जुना होतो, दाबल्यावर सावकाश फुगायला हवा, दाबल्याबरोबर टुणकन उसळला किंवा दाबलेलाच राहिला तर घेऊ नका.

सिलिकॉनमध्येच थोडं वरचं काही हवं असेल तर दोन-तीन छत्र्या एकावर एक असलेली रबरं येतात. एटिमोटिकने १९९१ मध्ये ईआर ४ हा इअरफोन काढला तेव्हापासून तिहेरी छत्रीची रबरं त्यांची ओळख आहे आणि आवाज बंद करण्यात ती फोमच्या तोडीस तोड जातात, कारण फार खोल जातात. पण इतकी खोल की पहिल्यांदा घालताना डोळ्यात पाणी येतं, कानाची सवय व्हायला वेळ लागतो, आणि साध्या जाड नॉझलच्या इअरफोनला ती लावून काही उपयोग नाही. स्पिनफिटसारखी मान हलणारी रबरं पण असतात, कानाची नळी तिरकी असेल तर बरी पडतात.

ठेवायचं कसं

सिलिकॉनला आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या कोमट पाण्यात चोळायचं, पूर्ण वाळल्यावर लावायचं, बस. वर्ष-दोन वर्षं सहज जातात. फोमला स्पिरिट नाही, सॅनिटायझर नाही, पाण्यात भिजवणं नाही, फार तर किंचित ओल्या कपड्याने पुसा आणि रात्रभर उघड्यावर ठेवा. फोमचा खरा दुश्मन तेल आहे. मी केसांना खोबरेल लावून तशीच ट्रेनमध्ये बसायचे आणि ज्या जोडीने तीन महिने जायला हवं ती पाच आठवड्यांत पिवळी पडून चिरमुटली. आता तेलाच्या दिवशी सिलिकॉन.

एका बाजूचा आवाज कमी यायला लागला तर रबर काढून नॉझलची जाळी बघा, मळ बसलेला असतो. जाळी खाली तोंड करून धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हलकेच झाडा, वर तोंड करून झाडलं तर सगळं आत जातं.

आणि रबर बदलल्यावर व्हॉल्यूम खाली आणा, नाहीतर हा सगळा खटाटोप कशासाठी केला. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं गणित आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास असं आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. मी तेराव्या काडीवरून आठवर आलेय. रूळ ओलांडताना आणि रस्त्यावर एक कान मोकळा ठेवते, फोममध्ये हॉर्न खरंच ऐकू येत नाही, आणि एकदा "पुढील स्टेशन दादर" पण ऐकू आलं नव्हतं, परळला उतरून उलटी आले.

सुट्या रबरांसाठी माझ्या पर्समध्ये कुंकवाची जुनी डबी असते. त्यात फोमची एक जोडी, सिलिकॉनचं एक मीडियम आणि एक लार्ज. डाव्याच्या लार्जवर आतल्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, गर्दीत उजवं-डावं शोधत बसावं लागत नाही.